रोपांच्या दिव्याला काच लावा, पन्नी नको

कोराडी, महादुला, खापरखेडा, सुरादेवी या पट्ट्यात ज्यांनी घरातल्या एखाद्या खोलीत दिव्याखाली रोपं वाढवायला घेतली आहेत, किंवा घ्यायचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. विषय छोटा आहे. दिव्याचा डबा घरीच बनवला, त्यातून पंख्याने हवा खेळवून उष्णता बाहेर काढायची ठरवली, तर डब्याच्या खालच्या तोंडाला जे पारदर्शक झाकण लावावं लागतं, ते कशाचं असावं?

उत्तर आधीच सांगतो. दिवा सोडियमचा किंवा मेटल हॅलाइडचा असेल तर ४ मिमीची साधी पांढरी काच, मापात कापून मग टफन करून घेतलेली. दिवा एलईडीचा असेल तर बहुतेक वेळा झाकणच नको. फोटोफ्रेमच्या दुकानातलं प्लास्टिक, पत्र्याच्या शेडची शीट, टेबलावर अंथरायची पन्नी यांच्या वाटेला जाऊ नका. एवढ्यावर समाधान असेल त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. पण काचवाला दुकानात तीन वेगळ्या गोष्टी पुढे करेल तेव्हा कारण माहीत असलेलं बरं.

नागपुरात एवढं ऊन असताना दिवा कशाला, हा प्रश्न घरातले विचारतीलच. ऊन आहे, पण ते सगळीकडे नाही. क्वार्टरच्या मागच्या खोलीत, पहिल्या मजल्याच्या आतल्या गॅलरीत, समोरच्या इमारतीच्या सावलीत ते पोचत नाही. नवरात्रात देवघराच्या कोपऱ्यात बसवलेल्या घटातलं धान पिवळट, लांब आणि लुळं का येतं, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दिसतं आहे. उजेड कमी पडला की रोप उंच पळतं आणि अशक्त राहतं. उलट मे महिन्यात गच्चीवर पारा ४५ च्या पुढे गेला की कोवळी रोपं उन्हानेच करपतात. म्हणून काही जण रोपवाटिका आत आणतात. कुणाला मायक्रोग्रीन्स हवी असतात, कुणाला ऑर्किड, आणि हल्ली खोलीत केशर फुलवायचं वेडही बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. ज्याची त्याची आवड.

आता दिवा कोणता, ते आधी ठरवा, कारण झाकण त्यावर अवलंबून आहे.

रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे उतरवून एलईडी लावण्याचा केंद्र सरकारचा कार्यक्रम जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला. रस्त्यांवरून उतरलेल्या अशा जुन्या फिटिंग चोकसकट भंगारात मिळतात. २५० किंवा ४०० वॅटचा सोडियमचा दिवा स्वस्तात हाताला लागला की घरचा हौशी माणूस त्याचा रोपांसाठी डबा बनवायला घेतो. या दिव्याखाली रोपं वाढतात, यात शंका नाही. परदेशातल्या ग्रीनहाउसांनी कित्येक दशकं हेच दिवे वापरले. पण त्याच्या बाहेरच्या बल्बचा पृष्ठभाग ३०० अंशांच्या पुढे तापतो. म्हणून डबा, म्हणून पंखा, म्हणून झाकण.

लग्नाच्या मांडवातला हॅलोजन मात्र या कामाला अजिबात वापरू नका. वीज खातो, उष्णता ओकतो आणि रोपाच्या कामाचा उजेड त्यातून फार थोडा निघतो.

एलईडीचं गणित वेगळं आहे. त्याची उष्णता मागच्या बाजूला, ॲल्युमिनियमच्या पंखांच्या तुकड्यात जमा होते. थंड करायचं ते तिथे. पुढून उजेड येतो, पण झळ जवळजवळ येत नाही. त्याच्या तोंडावर झाकण बसवलं तर उष्णतेच्या दृष्टीने मिळत काहीच नाही आणि शेकडा ८ ते १० भाग उजेड मात्र जातो. खाली पाणी फवारत असाल, तेव्हा चिप्सवर थेंब उडू नयेत एवढ्यासाठी झाकण लावायचं असेल तर लावा. तिथे ॲक्रिलिकही चालेल, कारण तापमान तेवढं चढतच नाही. नवीन सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला एलईडीचाच राहील. चांगला एलईडी तेवढाच उपयोगी उजेड साधारण निम्म्या विजेत देतो. ४०० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट ४४० वॅटच्या आसपास ओढतो; रोज १२ तास चालवला तर महिन्याला दीडशेच्या वर युनिट होतात. फुकट मिळालेला दिवा फुकट राहत नाही.

तरीही हातात सोडियमचा दिवा आहेच, डबा अर्धा झालाच आहे, असे बरेच असतील. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पहिली चूक इथे होते की माणूस झाकण निवडताना 'जास्तीत जास्त पारदर्शक काय' हे विचारतो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो कामाचा नाही. चांगलं ॲक्रिलिक ९२ टक्के उजेड सोडतं, ४ मिमीची साधी पांढरी काच ८८ ते ९० टक्के, पॉलीकार्बोनेट ८६ ते ८९ टक्के. कोणतंही झाकण घेतलं तरी त्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पृष्ठांवरून मिळून ८ टक्क्यांच्या आसपास उजेड परत फिरतोच. त्याला इलाज नाही. म्हणजे भांडण दोन-चार टक्क्यांचं आहे. तेवढा उजेड आठवडाभराच्या धुळीने जातो. दिवा रोपाच्या थोडा जवळ आणला की तो भरूनही निघतो. झाकण आणि हवा यांमुळे दिवा जवळ आणता येतो, हाच या सगळ्या खटाटोपाचा फायदा. उघड्या दिव्याला रोपापासून ६० सेंटिमीटर लांब ठेवावं लागत असेल आणि झाकण लावल्यावर ४५ वर आणता आलं, तर गेलेल्या आठ-दहा टक्क्यांच्या कितीतरी पट उजेड परत मिळतो.

काचेच्या कडेला दिसणारी हिरवट झाक पाहून काही जण बिचकतात. ती काचेतल्या लोखंडाच्या अंशाची आहे. कडेकडून पाहताना नजर काचेच्या अख्ख्या रुंदीतून जाते म्हणून ती गडद दिसते. उजेडाला फक्त ४ मिमी पार करायचे असतात. 'एक्स्ट्रा क्लिअर' काच घेऊन एक-दोन टक्के वाचतील. त्यासाठी जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही.

साध्या काचेतून अतिनील किरणांचा जास्त जळजळीत भाग जात नाही, मग रोपाचं नुकसान होईल का, असंही विचारलं जातं. होत नाही. रोप ज्या उजेडावर अन्न बनवतं तो ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा काच जवळजवळ जसाच्या तसा सोडते. मेटल हॅलाइडच्या दिव्यात तर ते किरण अडलेलेच बरे. बाहेरचा बल्ब तडकला आणि आतली नळी जळत राहिली तर डोळ्यांना आणि कातडीला इजा होते.

झाकणाची खरी परीक्षा उजेडात होत नाही, उष्णतेत होते. इथे ॲक्रिलिक मागे पडतं. ते १०० अंशांच्या जवळपास मऊ होतं आणि सतत वापरासाठी त्याची मर्यादा ८० अंशांच्या आसपास धरतात. पंखा नीट चालू असताना झाकण त्याखाली राहीलही. पण पंख्यात जाळं अडकलं, नळी दबली, बेअरिंग जाम झालं, की डब्यातलं तापमान काही मिनिटांत चढतं. ॲक्रिलिक मधोमध पोट काढतं, चौकटीतून सुटतं आणि तापलेलं खाली येतं. खाली कोकोपीटचे ट्रे आणि प्लास्टिकच्या कुंड्या असतात. ॲक्रिलिक पेटणारी वस्तू आहे, हेही लक्षात ठेवा.

वीज जाते तेव्हा तर एक वेगळीच गोष्ट घडते. दिवा आणि पंखा एकाच वेळी बंद पडतात. आपल्याला वाटतं, दिवा विझला, धोका संपला. पण तापलेला बल्ब आणि तापलेला पत्रा यांची उष्णता आता वाहून नेणारं कुणी नसतं, आणि झाकण वीज गेल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत सर्वांत जास्त तापू शकतं. घरी इन्व्हर्टर असेल तर दिवा नको, पण हा पंखा मात्र त्याच्या लाइनवर घ्या.

पॉलीकार्बोनेट ११५-१२० अंशांपर्यंत तग धरतं आणि हातोडीने फुटत नाही, म्हणून ते काहींना आवडतं. शेडवर लावायची शीट घेतली तर तिच्या एका बाजूला अतिनील किरणांपासून वाचवणारा थर असतो. ती बाजू दिव्याकडे ठेवावी लागते. उलटी बसवली तर शीट लवकर पिवळी पडते. प्लास्टिकचं आणखी एक दुखणं म्हणजे ते तापल्यावर फार पसरतं. ६० सेंटिमीटर लांबीचं ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेट ४० अंशांनी तापलं की दीड मिलिमीटरहून जास्त वाढतं. काच तेवढ्याच उष्णतेत पाव मिलिमीटरही वाढत नाही. चौकटीत स्क्रूने घट्ट आवळलेली प्लास्टिकची शीट भोकांपासून तडकते ती यामुळे.

एवढं सगळं कुठल्याही गावाला लागू आहे. कोराडीत याशिवाय राख आहे.

इथे कोळशाच्या वीज केंद्राचे ६६० मेगावॅटचे तीन संच चालतात, शेजारी खापरखेड्याचं केंद्र आहे, आणि दोघांच्या राखेचे तलाव आजूबाजूच्या गावांच्या शिवारात पसरलेले आहेत. भारतातल्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं. चिमणीला राख पकडणारी यंत्रणा असते आणि ती बहुतेक राख पकडतेही, पण एप्रिल-मेमध्ये राखेचे तलाव कोरडे पडतात आणि वारा सुटतो तेव्हा काय होतं ते वाळत घातलेल्या चादरींना विचारा. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटून ती राख पाण्याबरोबर शेतात शिरली, तेव्हा सगळ्या जिल्ह्याने पाहिली. एरवी ती रोज थोडी थोडी येते आणि आपण झाडू मारतो.

ही राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. तिचे कण बहुतांशी सिलिका आणि ॲल्युमिनाचे, काचेसारखे गोल आणि कडक असतात, त्यात गारगोटीचे कणही असतात. ॲक्रिलिक त्यांच्यापुढे फार मऊ. त्यावर राख बसली आणि तुम्ही सवयीने खांद्यावरचा गमछा काढून कोरडाच फिरवला, की बारीक चरे पडले. दोन महिन्यांत ते झाकण धुरकट होतं. ९२ टक्क्यांचा हिशेब तिथेच संपला. शिवाय प्लास्टिक पुसताना त्यात स्थिर वीज येते आणि पुसून झाल्यावर ते आधीपेक्षा जोमाने धूळ ओढतं. चरे घालवण्यासाठी काच पुसायचं निळं पाणी किंवा स्पिरिट वापरलं तर ॲक्रिलिकच्या आत केसासारख्या भेगांचं जाळं उमटतं. पॉलीकार्बोनेटला थिनर आणि पेट्रोल सोसत नाही.

काच या राखेला बरीच पुरून उरते. पूर्ण नाही, गारगोटीचा कण काचेहून कडक असतो, म्हणून काचेवरसुद्धा कोरडं फडकं फिरवू नका. दिवा थंड झाल्यावर झाकण काढायचं, आधी नळाखाली धरून राख वाहू द्यायची, मग साबणाचा हात, मग मऊ कापड. आरओचं वाया जाणारं पाणी त्यासाठी वापरू नका, त्यातले क्षार पांढरे डाग ठेवतात. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा धुतलं तरी चालतं. आतली बाजूही धुवायची असते, हे बहुतेक जण विसरतात. पंखा रोज हजारो घनमीटर हवा त्या डब्यातून नेतो आणि तिच्यातली राख तिथेच थोडी थोडी टाकत जातो. हवा आत घेण्याच्या तोंडाला स्पंजची किंवा एसीची जाळी लावा आणि तीही धूत जा.

राखेपाठोपाठ इथला दुसरा मानकरी म्हणजे कूलर. नागपूरकर माणूस गरम वस्तू दिसली की तिच्याकडे कूलरचं तोंड फिरवतो. रोपांच्या खोलीत कूलर असायला हरकत नाही, रोपांना ओलावा आवडतो. पण कूलरची हवा थेट दिव्याच्या डब्यात सोडू नका आणि झाकणावर त्याचे तुषार येऊ देऊ नका. कंदिलाची तापलेली काच पाण्याच्या एका थेंबाने कशी टचकन तडकते, हे ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना सांगायला नको. साध्या काचेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा ४० अंशांनी थंड झाला तरी ती तडकू शकते. टफन केलेली काच असा दोनशे अंशांचा फरक सोसते. साध्या आणि टफन काचेत उजेडाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. फरक आहे तो या एका गोष्टीत, आणि फुटल्यावर काय होतं त्यात. साध्या काचेच्या सुऱ्या होतात. टफन काचेचे हरभऱ्याएवढे बोथट तुकडे होतात.

सोडियमचा, आणि विशेषतः मेटल हॅलाइडचा दिवा क्वचित आतून फुटतो. तेव्हा तापलेले तुकडे खाली पडू नयेत हे झाकणाचं आणखी एक काम. म्हणूनही काच टफनच हवी. घरात लहान मुलं त्या खोलीत जात असतील तर झाकणाखाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी मोठ्या छिद्रांची तारेची जाळी लावा. थोडा उजेड जाईल, जाऊ द्या.

आता दुकानात काय करायचं ते. इतवारीत, महालात, बर्डीवर काचवाले आहेत. जवळच्या गावातला ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाराही काच टफन करून आणून देतो. त्याला सांगायचं: ४ मिमी, साधी पांढरी, चारी कडा घासून, टफन करून. तो ५ मिमी म्हणाला तरी चालेल, पण वजन बघा. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. ६० बाय ४५ सेंटिमीटरची ४ मिमी काच २ किलो ७०० ग्रॅम होते. डबा, दिवा, नळी मिळून हे सगळं छतातल्या पंख्याच्या कडीला टांगणार असाल तर कडी तेवढी मजबूत आहे का ते आधी पाहा. चोक डब्यात ठेवू नका. तो जड असतो, तापतो, आणि खाली भिंतीजवळ छान राहतो.

माप नीट द्या. टफन केल्यावर काच कापता येत नाही, घासता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला तर अख्खी काच एका क्षणात चुरा होते. माप चौकटीच्या आतल्या मापापेक्षा दोन्हीकडून दोन-तीन मिलिमीटर कमी द्या, म्हणजे तापल्यावर पत्र्याला वळायला जागा राहते. कोपरे किंचित गोल करायला सांगा. टफन काचेचं मर्म तिच्या कडेत असतं. मधोमध बुक्की मारली तरी सोसेल, पण कडेला पान्याचा टोला लागला की गेली.

काच हातात आल्यावर ती खरंच टफन आहे का, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. पोलराइज्ड गॉगल घाला आणि काच आकाशाच्या उजेडात तिरकी धरा. टफन काचेवर पुसट ठिपके किंवा पट्टे दिसतात. साध्या काचेवर काही दिसत नाही. कोपऱ्यात भट्टीवाल्याचा शिक्का असला तर प्रश्नच नाही.

भंगारातही चांगल्या काचा असतात. मोठ्या फ्लडलाइटच्या पुढची काच टफन असते. छतावरच्या सोलर वॉटर हीटरच्या सपाट पेट्यांवर टफन काच असते, कमी लोखंडाची, म्हणजे अगदी पांढरी. अशी काच मिळाली तर काचेच्या मापाचा डबा बनवा, डब्याच्या मापाची काच करायला जाऊ नका. फोटोफ्रेमची २ मिमी काच, शोकेसची काच, जुन्या खिडकीची काच मात्र नको. ती टफन नसते.

दुकानदार 'ॲक्रिलिकच न्या, हलकं आहे, फुटत नाही' म्हणून मागे लागेल. एलईडीसाठी घेत असाल तर निदान ते ॲक्रिलिकच आहे याची खात्री करा. फ्रेमवाल्यांकडे त्याच नावाखाली पुष्कळदा पॉलिस्टायरिनची स्वस्त शीट मिळते. नखाने टिचकी मारली की ती पत्र्यासारखी किणकिणते, वाकवली की लगेच मोडते, आणि उजेडात लवकर पिवळी पडते. कडेचा तुकडा मागून घ्या आणि घराबाहेर नेऊन काडी लावा: काळ्या काजळीचे धागे उडू लागले तर ते ॲक्रिलिक नाही.

पन्नीबद्दल एवढंच, की पॉलीहाउसची फिल्म पॉलीहाउससाठी आहे. ३०० अंशांच्या बल्बपासून वीतभर अंतरावर ती लावणाऱ्याला मी काय सांगू?

बसवताना काच स्क्रूने दाबू नका. ॲल्युमिनियमच्या अँगलची चौकट करा, तिच्यात सिलिकॉन रबराची पट्टी किंवा भट्टीच्या दाराला लावतात ती फायबरग्लासची दोरी घाला आणि काच त्यावर नुसती टेकू द्या. जुन्या ॲस्बेस्टॉसच्या दोरीला हात लावू नका. नळीतलं सिलिकॉन वापरायचं असेल तर ज्याला शिरक्यासारखा उग्र वास येतो ते टाळा; त्याचं आम्ल ॲल्युमिनियमला आणि जस्ताच्या पत्र्याला खातं. इंजिनच्या गॅस्केटसाठी मिळणारं, जास्त उष्णता सोसणारं सिलिकॉन ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. चौकटीला एका बाजूने बिजागरी आणि दुसऱ्या बाजूने खटका लावा. झाकण उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागणार असेल तर तुम्ही ते आठवड्याला धुणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो.

हवा किती लागेल? ४०० वॅटची सगळी उष्णता हवेनेच न्यायची आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनीच जास्त तापलेली हवी, तर तासाला १३० घनमीटर हवा लागते. पंख्याच्या खोक्यावर सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट, लिहिलेलं असतं, त्यात हे ७५ ते ८० होतात. पण तो आकडा नळी न जोडता मोजलेला असतो. कॉम्प्युटरच्या पंख्याला नळी आणि जाळी जोडली की त्याचा दम सुटतो. म्हणून या हिशेबाच्या दुप्पट आकडा लिहिलेला इनलाइन पंखा घ्या. बाहेरची हवा ४५ अंशांची असली तरी ती ३०० अंशांच्या बल्बला थंड करू शकते. फक्त हवा बाहेरूनच घ्या आणि बाहेरच सोडा, खोलीतली घेऊ नका. आणि जमेल तर उन्हाळ्यात दिवा रात्री चालवा. रोपाला दिवस केव्हा उगवला याच्याशी देणंघेणं नसतं, सलग उजेड आणि सलग अंधार मिळाल्याशी असतं.

झाकण आणि पंखा मिळून सगळी उष्णता बाहेर जाईल, या भ्रमात मात्र राहू नका. जो उजेड काचेतून खाली येतो तोही शेवटी पानांवर, भिंतींवर, मातीवर पडून उष्णताच होतो. खोली थोडी तापणारच.

पंखा दिव्याच्या अलीकडे लावायचा की पलीकडे, यावर हौशी लोकांत वाद चालतात. पलीकडे लावून हवा ओढली तर फटीतून गरम हवा खोलीत येत नाही, पण त्याच फटींतून खोलीतली धूळ डब्यात जाते. अलीकडे लावून हवा ढकलली तर डब्यात दाब राहतो आणि धूळ बाहेरच राहते, शिवाय पंख्याची मोटर थंड हवेत चालते. दुसऱ्या गावात मी ओढायला सांगितलं असतं. इथल्या राखेत ढकला, आणि जाळी पंख्याच्याही आधी लावा.

विजेच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. पत्र्याच्या डब्याला अर्थिंग हवंच. लाइनवर गळती पकडणारा ब्रेकर हवा, कारण या खोलीत पाणी, पत्रा आणि उघडे पाय एकत्र येतात. झाकणाजवळ डब्याच्या आतल्या पत्र्यावर एक छोटा बायमेटल थर्मोस्टॅट लावून घ्या, जो ठरावीक तापमानाला दिव्याची लाइन तोडेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो किरकोळ किमतीत मिळतो. मात्र दिव्याचा भार त्याला थेट पेलतो का, की मध्ये रिले घालावा लागेल, ते वायरमनला विचारा. दिवा एकदा बंद झाला की सोडियमचा बल्ब लगेच पेटत नाही, थंड व्हायला काही मिनिटं लागतात. ती खराबी समजून सारखं बटण दाबत बसू नका.

उजेडाचा अंदाज मोबाइलने घ्या. लक्स मोजणारं कुठलंही ॲप उतरवा, फोन रोपांच्या उंचीवर एका जागी ठेवा, झाकण उघडं ठेवून आकडा लिहा, झाकण लावून पुन्हा लिहा. तो आकडा शास्त्रीय नसेल, पण दोन आकड्यांतला फरक खरा असतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर काच बरोबर आहे. पुढे महिन्याभराने तोच आकडा वीस टक्क्यांनी उतरलेला दिसला तर नवी काच शोधायला निघू नका, आधी आहे ती धुवा.

जुना बल्ब बदलला तर तो कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, फोडू तर नकाच. सोडियमच्या बल्बमध्येही पारा असतो. तो घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा लागतो. कुठे द्यायचा ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपंचायतीत विचारा, आणि तोवर मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात जपून ठेवा.

सगळं जोडून झालं की पहिल्या दिवशी रोपं आत ठेवू नका. रिकामा डबा टांगा, संध्याकाळी दिवा आणि पंखा लावा आणि तीन तास खोलीत किंवा खोलीच्या दाराशी बसा. चौकटीला हात लावून बघा, रबराचा वास येतो का बघा, काच कुठे टेकते आहे आणि कुठे खडखडते आहे ते ऐका. मग फक्त पंखा बंद करा, दिवा चालूच राहू द्या, आणि थर्मोस्टॅट लाइन तोडतो का ते जवळ उभं राहून पाहा. तोडली, तर पंखा पुन्हा लावा, डबा थंड होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी ट्रे आत न्या. नाही तोडली, तर दिवा बंद करा आणि सकाळी वायरमनला बोलवा.